सोलापुरात ऐकलेला चर्चचा ऑर्गन : पाइपचा की पायाचा?

भीमाकाठ
मंडळी, गेल्या शनिवार-रविवारी सोलापूरला मामांकडे होतो. शनिवार हुरडा, शेंगाचटणी आणि मामांची राजकारणावरची मतं यात गेला. त्यावर इथे पुरेसे धागे आहेत. रविवारी सकाळी शेजारच्या काकूंनी हाक मारली, "पेटी वाजवतोस ना? मग चल आमच्या चर्चला, ऑर्गन ऐक." रेल्वे लाईन्सपासून चालत जाण्याइतकं जवळ. चर्चचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जुन्या वस्तू घेणाऱ्यांचे फोन येतात म्हणून नाव आणि फोटो नेटवर टाकू नका, असं पंचांनी बजावलंय.

जे पाहिलं ते लिहितो, जाणकारांनी सांगावं. गडद लाकडाचं, माणसाच्या उंचीहून मोठं धूड. माथ्यावर सोनेरी नळ्यांची रांग, मधली सगळ्यात उंच. खाली पाच सप्तकांच्या पट्ट्या. पट्ट्यांच्या वर गोल पांढऱ्या खुंट्या, त्यांवर वळणदार इंग्रजी अक्षरं. एक खुंटी हरवलेली आणि तिच्या जागी ड्रॉवरची पितळी मूठ बसवलेली. पायाशी दोन रुंद पायट्या, वरचा गालिचा टाचेच्या जागी झिजून लाकूड दिसायला लागलेलं. वाजवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या. चपला बाजूला काढून, अनवाणी. डावी पायटी उशिरा वर यायची, म्हणून त्या उजवी दोनदा आणि डावी एकदा अशी दाबत होत्या, आणि वर हातांना त्याचा पत्ता नव्हता! गुडघ्याशी लाकडाच्या दोन फळ्या होत्या. उजव्या गुडघ्यानं फळी बाहेर सरकवली की आवाज भरून यायचा.

आधी एक इंग्रजी चालीचं गीत झालं, चार सुरांच्या भरण्यासकट, म्हणजे चालीबरोबर एकाच वेळी आणखी सूर धरून. मंडळी उभी राहून गायला लागली तेव्हा खालचे सूर बाकाच्या पाठीतून कळत होते. मग तबला आणि झांज आली, मराठी भजन सुरू झालं, आणि त्याच बाईंनी त्याच ऑर्गनवर नुसती एकेरी चाल धरली. डोळे मिटून ऐकलं असतं तर संगीत नाटकाला आलोय असंच वाटलं असतं.

तर प्रश्न असे : हा पाइप ऑर्गन का? सोलापुरात कसा पोचला? आणि भजनाला लागल्यावर एकदम नाटकातला का वाटला?

काटकोन
पाइप ऑर्गन नाही. सोनेरी नळ्या शोभेच्या आहेत. चर्चसाठी केलेल्या पायाच्या ऑर्गनवर अशा खोट्या नळ्या बसवायची पद्धतच होती. खऱ्या पाइप ऑर्गनमध्ये वाजवणारा स्वतः हवा भरत नाही. पूर्वी मागे एक माणूस भाता हाणत बसायचा, आता विजेचा पंखा असतो. वाजवणाऱ्याचे पाय खालचे सूर वाजवण्यात गुंतलेले असतात. पायांसाठी वेगळ्या मोठ्या पट्ट्या असतात, त्यावर. बाई दोन्ही पायांनी हवा करत होत्या म्हणता, म्हणजे निकाल लागला.

कायबेसोलापूर
काय बे, निकाल कोर्टानं दिल्यागत दिलास की! जरा चर्चा तर होऊ दे.

खर्जनरमादी
माझा पेट्या दुरुस्त करायचा धंदा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

काटकोन यांनी लिहिलंय ते बरोबर. भीमाकाठ यांनी ऐकला तो रीड ऑर्गन. म्हणजे आत पितळेचे सूर, आपल्या हातपेटीत असतात तसेच : पितळेच्या चौकटीत एका टोकाला रिव्हेट केलेली पितळेची जीभ. हवा गेली की जीभ थरथरते. पण हातपेटीत आणि यात मोठा फरक आहे. आपली पेटी हवा ढकलते. भाता दाबला की हवा सुरांतून बाहेर पडते. हा अमेरिकन ढंगाचा ऑर्गन हवा ओढतो. पायट्या दाबल्या की खालच्या भात्यातून हवा बाहेर फेकली जाते, आत पोकळी होते, आणि पट्टी दाबली की बाहेरची हवा सुरामधून आत खेचली जाते. म्हणून आवाजाला तो मऊपणा येतो. ढकलणारा प्रकार युरोपचा. अलेक्झांडर दबँ यानं १८४२ मध्ये पॅरिसला हार्मोनियम नावाचं पेटंट घेतलं, तो. त्याचा आवाज जास्त धारदार. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास तोच प्रकार कमी करून जमिनीवर बसून हातानं वाजवायची पेटी केली आणि ती घरोघर गेली.

खुंट्या म्हणजे स्टॉप. आपल्याकडे खर्ज, नर, मादी असे सुरांचे संच असतात आणि ते उघडायला-बंद करायला खुंट्या, तसंच इथे. खुंटी ओढली की त्या संचाचं झाकण उघडतं. एखाद्या खुंटीवर 'वॉक्स ह्युमाना' लिहिलेलं असेल. ती ओढली की सुरांच्या मागे एक छोटी लाकडी फिरकी हवेच्या ओढीनं फिरते आणि आवाज कापरा होतो. उजव्या गुडघ्याची फळी बहुधा आवाज कमी-जास्त करणारी, आणि डावी सगळे संच एकदम उघडणारी.

सूर बंद पडला की लोक घाबरतात. बहुतेक वेळा जिभेखाली कचरा असतो, दुसरं काही नाही. अमेरिकन ऑर्गनचे सूर स्क्रूनं बसवलेले नसतात, ते खाचेत सरकवलेले असतात. एक वाकडा आकडा मिळतो, त्यानं सूर बाहेर ओढायचा, मऊ ब्रशनं झटकायचा, परत सरकवायचा. घासायला जाऊ नका! जीभ टोकाला घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो, आणि जास्त घासली की सूर भंगारात.

डावी पायटी उशिरा येते त्याला दोनच कारणं. भात्यातली स्प्रिंग गेली किंवा पायटी आणि भाता यांना जोडणारा पट्टा सैल झाला. पट्टाच असावा, कारण स्प्रिंग गेली असती तर पायटी वरच आली नसती.

भीमाकाठ
अप्रतिम प्रतिसाद. पट्ट्याचं काकूंना कळवतो.

शून्यसेंट
मी फिजिक्स शिकवतो, त्यामुळे राहवत नाही. आपल्याकडे खरा पाइप ऑर्गन ठेवणं किती अवघड, याचं गणित पाहा.

पाइपचा सूर आतल्या हवेच्या खांबावर ठरतो. दोन्हीकडून उघडा आठ फुटांचा पाइप सेकंदाला साधारण ६५ कंपनांचा सूर देतो, सोळा फुटांचा त्याच्या निम्मा. बत्तीस फुटांचा पाइप सोळाच्या आसपास, म्हणजे तो ऐकण्यापेक्षा छातीला जास्त जाणवतो. हवेचा दाब मात्र अगदी किरकोळ लागतो. ऑर्गनवाले तो पाण्याच्या इंचात मोजतात, आणि तीन-चार इंचांवर मोठमोठे पाइप बोलतात. स्ट्रॉ ग्लासात तेवढी बुडवून फुंकून बघा, मूलही फुंकतं. प्रश्न दाबाचा नाही, सतत पुरेल इतक्या हवेचा आहे.

आता तापमान. हवा तापली की तिच्यातला ध्वनीचा वेग वाढतो, आणि पाइपचा सूर अंशामागे तीनेक सेंट चढतो. दोन शेजारच्या पट्ट्यांतलं अंतर शंभर सेंट. सोलापुरात जानेवारीच्या सकाळी चर्चमध्ये १८ अंश धरा आणि मेच्या दुपारी ४०. फरक २२ अंश, म्हणजे ६६ सेंट. हिवाळ्यात पांढरी एक (सप्तकातली पहिली पांढरी पट्टी) असलेला सूर उन्हाळ्यात काळी एकच्या (तिच्या शेजारच्या काळ्या पट्टीच्या) वाटेवर अर्ध्याहून पुढे गेलेला असेल! आणि पाइप ऑर्गनमध्ये काही पाइपांत पितळेची जीभही असते. ती इतकी चढत नाही. म्हणजे एकाच वाद्यातले दोन संच एकमेकांशी भांडायला लागतात. रीड ऑर्गनमध्ये सगळ्याच पितळी जिभा, त्यामुळे त्याला हे दुखणं जवळजवळ नाही.

कायबेसोलापूर
सर, मे महिन्यात सोलापुरात माणसांचाच पारा चढतोय, पाइपचं काय घेऊन बसलाव! आमच्या चौकात दुपारी बाराला हॉर्न वाजवून बघा, कोण कुठल्या पट्टीत बोलतंय ते कळतंय.

सातरस्ता
सलाम सगळ्यांना. मी सोलापूरचीच, आणि लहानपणापासून चर्चच्या गायन मंडळात. भीमाकाठ यांचं चर्च कुठलं ते ओळखलं, पण लिहीत नाही.

हे ऑर्गन इकडे कसे आले? बोस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेची माणसं १८१३ मध्ये मुंबईत उतरली, १८३१ मध्ये अहमदनगरला गेली, आणि सोलापुरात १८६० च्या दशकात ठाणं मांडलं. अमेरिकन मराठी मिशन ते हेच. रंगभवनजवळचं फर्स्ट चर्च त्याच परंपरेतलं. ही सगळी मंडळी न्यू इंग्लंडची, आणि तोच भाग रीड ऑर्गनच्या कारखान्यांचा : बोस्टनला मेसन अँड हॅम्लिन, व्हरमाँटमधल्या ब्रॅटलबरोला एस्टी. एकट्या एस्टीनं पाच लाखांहून जास्त ऑर्गन बनवले. त्यामुळे मिशनऱ्यांच्या सामानात ऑर्गन असणं नवलाचं नव्हतंच. खेड्यात फिरण्यासाठी घडी घालून मोठ्या सुटकेसएवढा होणारा ऑर्गनही मिळायचा. आजोबा सांगायचे, बैलगाडीतून उतरवला की आधी पोरं गोळा होत, मग मोठी माणसं.

पण खरी गंमत पुढे आहे. चाली विलायती आणि शब्द मराठी, असं गाताना मराठी फार ओढाताण सहन करते. ऱ्हस्व-दीर्घ पार उलटेपालटे होतात. आमच्या जुन्या गीतांत अजून काही ओळी अशा आहेत की अर्थ कळायला पुस्तक बघावं लागतं. नगरचे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनं केली, देशी चालींवर गीतं रचली. मग रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि १९१९ मध्ये जाईपर्यंत अभंग, ओव्या, भजनं लिहीत राहिले. आमच्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात त्यांची गीतं खच्चून भरलीत. ती गाताना चार सुरांचं भरणं नको असतं. एकेरी चाल, तबला, झांज. म्हणून आमच्याकडे ऑर्गन वाजवणाऱ्याला दोन्ही यावं लागतं. पहिल्या गीताला दोन्ही हातांनी चार आवाज, पुढच्या भजनाला उजव्या हातानं चाल आणि डाव्यानं नुसता सा-प धरून ठेवायचा. तुम्ही ऐकलंत ते नेमकं हेच.

तिसरीघंटा
सातरस्ता ताई, वा! आता मला राहवत नाही.

भीमाकाठ यांच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर : नाटकातला वाटला कारण तो नाटकातलाच आहे. संगीत रंगभूमीवर पायानं हवा देण्याचा हाच ऑर्गन आला. गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवा अशी साथ असे. बालगंधर्वांच्या आवाजाखाली तो ऑर्गनचा भरलेला, न तुटणारा सूर ज्यांनी जुन्या रेकॉर्डांवर ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको. नाटकात त्याचं काम सोपं आणि अवघड एकदमच. माइक नव्हते, तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत पट्टी पोचवायची. नट श्वास घेतो ती जागा भरायची. आणि नट कुठे वळणार हे अर्धा क्षण आधी ओळखायचं. पायानं हवा असल्यामुळे दोन्ही हात मोकळे, म्हणून हातपेटीपेक्षा भरणा जास्त.

मिशन शाळेत शिकलेली पोरं संध्याकाळी नाटक बघायला जात असतील, तेव्हा त्यांना दोन्हीकडे एकच आवाज भेटत असणार. आपण चर्च एका कप्प्यात टाकतो आणि नाट्यगीत दुसऱ्या, त्या वाद्याला हे कप्पे ठाऊक नाहीत.

मींडप्रेमी
कौतुक चाललंय ते ठीक, पण दुसरी बाजू कोणी मांडतच नाही. ऑर्गन काय आणि पेटी काय, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही. दोन पट्ट्यांच्या मधला सूर तिथे नाहीच. शिवाय समान अंतरावर लावलेल्या पट्ट्यांत शुद्ध गंधार १४ सेंट चढाच असतो. तंबोऱ्यात ऐकू येणारा गंधार आणि हा, शेजारी ठेवून बघा. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीवर बंदी घातली ती उगाच नाही.

तिसरीघंटा
बंदीच्या काळातही मैफलींत आणि नाटकांत पेटी वाजतच होती. आणि बालगंधर्वांच्या गळ्यातल्या मींडी ऑर्गनमुळे कुठे अडल्या?

शून्यसेंट
१४ सेंटचा आकडा बरोबर आहे. पण तोच गंधार चार आवाजांच्या गीतात कानाला फारसा टोचत नाही आणि तंबोऱ्याबरोबर लगेच टोचतो. गायनाची घडण वेगळी, म्हणून दोष वेगळा दिसतो. अर्थात माझं मत मींडप्रेमी यांच्याकडे थोडं झुकतंय.

व्यवहारी
सगळं खरं, पण धूळ खाणारं दीडशे किलोचं धूड सांभाळायचं कोणी? एक बऱ्यापैकी कीबोर्ड आणा. चर्च ऑर्गनचा आवाज आत आहे, पाइप ऑर्गनचा आहे, पट्टी बदलायला एक बटण. तरुण पोरं वाजवतील तरी. आमच्या ओळखीच्या एका चर्चमध्ये जुना ऑर्गन जिन्याखाली पडलाय, त्यात उंदरांनी बाळंतपणं केलीत.

सातरस्ता
कीबोर्ड आमच्याकडेही आहे, तरुणांच्या सभेत तोच वाजतो, आणि मी स्वतः वाजवते. त्याला नावं ठेवत नाही. पण उपासनेत वीज गेली की काय होतं ते सोलापूरकराला सांगायला हवं का? दुसरं म्हणजे शंभर-दीडशे माणसं गाताना कीबोर्डचा आवाज एका कोपऱ्यातल्या स्पीकरमधून येतो, मागचे लोक अर्धी मात्रा मागे पडतात. ऑर्गनचा आवाज लाकडी पेटाऱ्याच्या सगळ्या बाजूंनी निघतो. आणि पाय थांबला की आवाज विझतो. म्हणून वाजवणारा मंडळीबरोबर श्वास घेतो, त्याला घ्यावाच लागतो. कीबोर्डवर बोट ठेवलं की सूर आपला चालूच. नवी पोरं ओळीच्या शेवटी बोट उचलायला विसरतात आणि मंडळींची दमछाक होते.

एक अडचण मात्र खरी आहे. आमचा ऑर्गन आजच्या पट्टीला जुळत नाही. गिटारवाले दर वेळी कुरकुर करतात.

खर्जनरमादी
न जुळण्याचं कारण साधं. मध्य सप्तकातल्या धैवताला (पांढरी एक सा धरून) ४४० कंपनं हे प्रमाण १९३९ च्या लंडनच्या परिषदेत ठरलं. त्याआधीचे ऑर्गन ज्याच्या-त्याच्या पट्टीत. सगळे सूर घासून ४४० ला आणता येतात, पण मी गिऱ्हाइकाला नको सांगतो. गिटारच्या तारा पिळायला दोन मिनिटं लागतात, त्यांना जुळवून घेऊ दे.

व्यवहारी, उंदरांबद्दल : त्यांना चामडं आणि सरस दोन्ही आवडतं. भात्याला रबर लावलेलं कापड असतं, ते पालटता येतं. चामडं फक्त झडपांना. पेटारा वाळवीनं खाल्ला नसेल आणि सूर जागेवर असतील तर वाद्य मेलेलं नाही. उंदीर गेले की मला सांगा, बघून जाईन. बाळंतिणीला बाहेर काढायचं काम माझं नाही.

कायबेसोलापूर
हाहा! बारशाला बोलवा की.

भीमाकाठ
आता मला खरा पाइप ऑर्गन बघायचाय. सोलापूरहून सगळ्यात सोयीचं कुठे?

रातराणीस्लीपर
मुंबई. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडा, सकाळी सीएसएमटी. चहा घेऊन हॉर्निमन सर्कलकडे चालत निघा, सेंट थॉमस कॅथीड्रल तिथेच आहे. १७१८ च्या ख्रिसमसला उपासनेसाठी उघडलं, १८३७ मध्ये कॅथीड्रल झालं, आणि चर्चगेट स्टेशनचं नाव याच चर्चकडे जाणाऱ्या किल्ल्याच्या दरवाजावरून आलं. आत पाइप ऑर्गन आहे. कुठल्या उपासनेला वाजणार ते आधी फोन करून विचारा, नुसतं दार उघडं बघून शिरलात तर नळ्या बघून परत याल. पुढच्या बाकावर बसू नका. मागे, खांबाच्या अलीकडे बसा, तिथे आवाज एकजीव होऊन येतो. उपासना चालू असताना मोबाइल वर करून शूटिंग करणारे आपलेच लोक असतात, तेवढं टाळा. दिवसाच्या गाडीनं जायचं असेल तर वंदे भारत आहे, पण मग रविवारची सकाळ हुकते.

मींडप्रेमी
तिथे गेलात तर एकच करा. सूर थांबल्यानंतर तो इमारतीत किती वेळ राहतो ते मोजा. पाइप ऑर्गनला सूर हळूहळू विझवता येत नाही, पट्टी सोडली की हवा बंद. जे विझताना ऐकू येतं ते दगडाचं काम. एवढं मी मान्य करतो, तिथे मींडीची आठवण होत नाही.

तिसरीघंटा
मींडप्रेमींनी काहीतरी मान्य केलं! धागा जपून ठेवतोय.

भीमाकाठ
काकूंचा फोन होता. पायटी उलटी करून बघितली, पट्टा खरंच अर्धा फाटलाय. कोणीतरी पूर्वी पॅकिंगची प्लॅस्टिकची पट्टी खिळ्यानं ठोकून ठेवली होती. आता काय लावायचं? पंच म्हणतात, चामड्याचा पट्टा लावा.

खर्जनरमादी
चामडं नको, ताणून लांबतं आणि उन्हाळ्यात कडक होऊन तडकतं. प्लॅस्टिक तर काढूनच टाका. खाटेला लावतात ती सुती नवार घ्या, दीड-दोन इंच रुंदीची, घट्ट विणीची. दुहेरी करून शिवा, टोकं दुमडून वॉशर घालून स्क्रूनं बसवा, खिळा नको. उजव्या पायटीचा पट्टाही बरोबरच बदला, नाहीतर दोन पायांची उंची जुळणार नाही. जुन्याचं माप काढताना फाटका पट्टा घेऊ नका, उजवीकडचा घ्या.

सातरस्ता
नवार माझ्याकडे आहे, आईच्या खाटेची, न वापरलेली. काकूंना सांगा, शनिवारी तालमीला येताना आणते. शिवणयंत्र कोणाचं दणकट आहे ते तेवढं विचारून ठेवा.